घरातलं जुनं

पेण, ६ जुलै

तीर्थस्वरूप गिरजाकाकींना,
रोहिणीचा नऊ बोटांनी नमस्कार. दहावं भाजलंय.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं भरता, म्हणून हे पत्र. आमच्या शेजारचा निकेश धाटावच्या कंपनीत शिफ्टला असतो. तो जाताना तुमच्याकडे पत्र टाकेल आणि येताना उत्तर आणेल. त्याला चहा पाजा, पण लग्नाचं विचारू नका, नाहीतर तो वाट बदलून जायला लागेल.

बातमी अशी की मी डाग द्यायला शिकते आहे. बाजारामागे महिपती मास्तरांनी बायकांसाठी डागडुजीचा वर्ग काढलाय. मास्तरांचे आजोबा गावोगाव फिरून डाग द्यायचे, त्यामुळे सोल्डरिंग म्हणायला मास्तरांची जीभ वळत नाही. ते डागच म्हणतात, आणि आता आम्हीही. तुटलेल्या तारेवर तापलेलं टोक टेकवायचं, वर कथलाचा थेंब सोडायचा, की तार पुन्हा जिवंत होते. मास्तरांच्या हातून होते. माझ्या हातून पहिल्या दिवशी मेणकापड जळलं, दुसऱ्या दिवशी बोट, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या भूमिकाचा मिक्सर. त्यातून असा धूर निघाला की तिच्या सासूनं आधी देव उचलले आणि मग नातू.

तुमचे पुतणे हसतात. प्रविणचं म्हणणं, रोहिणीची शिवणकामाची अर्धी चोळी अजून मशीनवर आहे, पेटीच्या क्लासचा सा-रे-ग झालाय आणि म-प-ध-नी राहिलाय, तसंच हेही राहील. काकी, मला याचं खरंच वाईट वाटतं. एकदा तरी एक गोष्ट शेवटपर्यंत न्यायची आहे मला.

महिनाअखेर परीक्षा आहे. दुसऱ्याच्या घरची बंद पडलेली वस्तू आणायची, सगळ्यांसमोर दुरुस्त करायची, आणि वस्तूच्या मालकानं स्वतः ‘चालते’ असं सांगायचं. मिक्सरपासून अख्ख्या आळीत मला कुणी साधी बॅटरी हातात देत नाही. तुमच्याकडे काही बिघडलेलं आहे का?

काकांना नमस्कार.

तुमची,
रोहिणी

रोहा, ९ जुलै

चिरंजीव रोहिणीस,
तुझ्या बोटाला आधी तूप लाव आणि मग पुढचं वाच.

डाग द्यायला शिकतेस हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती विद्या संपलीच म्हणून आम्ही आशा सोडली होती. माझ्या माहेरी जनी म्हणून एक म्हातारी होती. टाचेच्या वर शीर बघून असा डाग द्यायची की बैलगाडीतून आणलेला माणूस चालत घरी जायचा. तू तार लिहिलंस ते मला लगेच कळलं. शीर म्हणजे अंगातली तारच. मिक्सरवर हात बसवून घेतलास तेही बरं केलंस. जनी दुध्या भोपळ्यावर शिकली होती.

आता गुपित सांगते. आमच्या घरातलं जुनं बिघडलंय. नाव घ्यायची मला सवय नाही, तुला ठाऊकच आहे. लावणीच्या पहिल्या दिवशी चिखलात गेलं आणि तिथंच अडकलं. आता वाकत नाही. उठवताना कट्ट आवाज होतो, आणि कमरेपासून खाली करंट मारतो. दिवसभर ओटीवर एका जागी पडून असतं. इतकी वर्षं घरभर आवाज असायचा, आता गप्प. मला ते बघवत नाही गो.

पण बाहेर कुणाला कळता कामा नये, मानी आहे. तू कसला डाग देतेस, सुईचा की विळ्याचा? वर बिब्बा लावतेस का?

तुझी काकी

पेण, १२ जुलै

प्रिय गिरजाकाकी,
तुमच्या पायांवर डोकं ठेवते आणि तुमच्या घरातल्या जुन्याला हात जोडते.

तुमचं पत्र मी वर्गात मोठ्यानं वाचलं. जनी म्हातारी डाग द्यायची हे ऐकून मास्तरांना फार बरं वाटलं. तुमच्या माहेरी तारेला शीर म्हणत असतील, असं ते म्हणाले. त्या काळात बायका या धंद्यात होत्या हे त्यांना माहीत नव्हतं. माझं टोक सुईसारखंच आहे, विजेवर तापतं. बिब्बा नाही, राळ लावतो, म्हणजे डाग घट्ट धरतो.

नाव आठवत नसेल तर हरकत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं, फडक्यानं पुसून बघा. कुठल्या कंपनीचं आहे? तुम्ही लिहिलंत त्यावरून मला अंदाज आलाय काय आहे ते, आणि काकांचा त्याच्यावर किती जीव असेल तेही. म्हणून त्यांना आत्ताच काही सांगू नका, ते सोडायचे नाहीत.

करंट मारतो म्हणजे अर्थिंग नाही. पायात चप्पल घातल्याशिवाय हात लावू नका. मागून एक जोरात थाप मारून बघा, पुष्कळदा तेवढ्यानंच सुरू होतं. आणि चिखलात पडलं होतं म्हणता, तर ओल आत गेली असणार. मास्तर सांगतात, दोन दिवस तांदळात पुरून ठेवा. तांदूळ सगळी ओल ओढून घेतो.

तुमची,
रोहिणी

रोहा, १७ जुलै

चिरंजीव रोहिणी,
काकीचा आशीर्वाद. उशीर झाला, कारण तुझे उपचार करण्यात चार दिवस गेले.

मागच्या बाजूला फडक्यानं पुसून पाहिलं. नाव नाही. नाव उजव्या हातावर आहे, ते तुला आल्यावर दिसेल. कंपनीचं विचारलंस, तर धाटावच्या कंपनीचंच. जन्म तिथंच गेला. मागच्या दिवाळीला त्यांनी हार घालून, नारळ देऊन घरी पाठवलं. तेव्हापासून माझ्याच डोक्याशी.

चप्पल घालून जवळ जाते. घरात चप्पल कशाला म्हणून वाद झाला. थाप मारली. त्यावर ज्या शिव्या दिल्या त्या मी इथे लिहीत नाही, निकेश वाटेत पत्र वाचतो असा मला संशय आहे.

तांदळाचं मात्र फार जड गेलं. कणगीत उतरवायला मला शेजारच्या धोंडुबाईला हाताशी घ्यावं लागलं. तिला सांगितलं, देवाचं आहे. गळ्यापर्यंत तांदूळ घातले. दुपारपर्यंत टिकलं, मग शिंकायला लागलं ते थांबेना, म्हणून बाहेर काढलं. गरमीनं थोडा आराम वाटला असं म्हणणं आहे. पण त्या तांदळाचा भात आता घरात कुणी खात नाही, कोंबड्यांना घालतेय.

काकांना सांगू नका म्हणतेस, ते कसं जमायचं ते मला कळलं नाही. पण तू शिकलेली, तुझं काहीतरी धोरण असेल. डाग किती लागतील तेवढं कळव. भित्रं आहे, आधी मनाची तयारी करावी लागेल.

तुझी काकी

पेण, १९ जुलै

गिरजाकाकींना,
रोहिणीचा घाईचा नमस्कार, परीक्षा शुक्रवारी आहे.

शिव्या देतं हे वाचून मला हायसं वाटलं. म्हणजे आवाज येतोय, मोठा बिघाड नाही. मध्येच नको ते स्टेशन लागत असेल, आजकाल काय वाटेल ते लावतात. शिंकण्याचं मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, असं अजून ऐकलं नव्हतं, पण कंपनीच्या मालाचं काही सांगता येत नाही.

निवृत्त मालाला हार-नारळ घालणारी कंपनी मात्र चांगली हो. आमच्याकडे सरळ भंगारात देतात.

तीन डाग तरी लागतील. गुरुवारी निकेशची रात्रपाळी आहे. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं तो घेऊन येईल, त्याच्या हवाली करा. गोणीत घालून तोंड सुतळीनं बांधा, म्हणजे डब्यात बाकड्याखाली सरकवता येईल. आडवं-उभं कसंही ठेवलं तरी चालतं. सोबत ज्या काही वायरी असतील त्या सगळ्या पाठवा.

घाबरू नका, मी जीव ओतून करीन. आणि माझ्याकडून नाहीच झालं तर मास्तर म्हणतात वाया काहीच जात नाही. आतले चांगले भाग काढून दुसऱ्याला बसवता येतात, राहिलेलं भंगारवाला किलोवर घेतो.

तुमची,
रोहिणी

रोहा, २३ जुलै

रोहिणी,
आशीर्वाद आहेतच, पण आज आधी कानउघाडणी.

आतले भाग काढून दुसऱ्याला बसवतात हे मी पेपरात वाचलंय. पुण्याचं काम आहे असंही लिहिलं होतं. पण ते माणूस गेल्यावर ना गो? मला माझं सगळंच्या सगळं परत पाहिजे. काही काढू नको, काही बदलू नको. जसं आहे तसं मला चालतं. किलोवरची गोष्ट पुन्हा काढलीस तर मी तुझ्याकडे गणपतीला येणार नाही.

गोणीचा विषय काढला. उत्तर आलं, “मी काय कांदे-बटाटे हाय?” म्हणून गोणीतून पाठवत नाही. निकेशच्या शेजारी बाकावर बसेल. तीन डागांचं सांगितलं तर रात्रभर कूस बदलली. तीही धड बदलता येत नाही, मीच बदलून दिली. सकाळी म्हणालं, “व्हय, जातो मी. तू अशी तोंड पाडून बसत्येस ते नाय बघवत मला.” त्यावर मी आत जाऊन थोडी रडून घेतली.

वायर एकच आहे घरात, मुलानं मला पाठवलेल्या शेकायच्या पट्टीची. पट्टी आली तशी पावसाळ्यात बंदच पडली. तू सगळ्या वायरी पाठव म्हणालीस म्हणून पिशवीत घातलीय. डबाही आहे.

सांभाळून, रोहिणी. माझ्याकडे दुसरं नाही.

तुझी काकी

पेण, २६ जुलै

तीर्थस्वरूप गिरजाकाकी,
हा नमस्कार मी उभ्यानं लिहिते आहे, तुमच्यासमोर बसायचं तोंड मला नाही.

काका सुखरूप आहेत, आमच्याकडे आहेत, आत्ता प्रविणबरोबर बातम्या बघत त्याच नको त्या शिव्या देतायत. सगळे भाग जागेवर आहेत. आता पहिल्यापासून सांगते.

शुक्रवारी मी टेबलावर जुनं फडकं अंथरून, टोक तापवून बसले होते. मला वाटत होतं काकांचा तो मोठा रेडिओ येणार. काकी, मी मास्तरांना रेडिओच सांगितला होता. सगळ्या बायकांच्या वस्तू आल्या. भूमिकासुद्धा मामेसासऱ्यांची इस्त्री घेऊन बसली. परीक्षा घ्यायला अलिबागहून साहेब आले. माझं फडकं रिकामं. साहेब घड्याळाकडे बघतात, मास्तर माझ्याकडे बघतात आणि मी दाराकडे. निकेशला फोन केला तर म्हणाला, “वहिनी, डोळा लागला माझा. वस्तूचा पण लागला. पेण गेलं मागं, आम्ही जित्याला हाव.”

वस्तूचा डोळा लागला म्हणजे काय ते विचारायच्या आत फोन कट झाला.

मग जित्याहून रिक्षा आली. निकेश उतरला आणि त्यानं हात धरून काकांना उतरवलं. मी म्हटलं, काका कशाला आले, आणि रेडिओ कुठाय? काका कमरेवर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत आत आले, माझ्या टेबलापाशी थांबले आणि ते तापलेलं टोक त्यांनी एकदा नीट बघून घेतलं. मग आमच्याकडे पाठ केली, सदरा वर घेतला, धोतराची गाठ जरा सैल केली आणि डोळे मिटून म्हणाले, “दे गो पोरी. तीन ना? गिरजाला सांग, हूं की चूं नाय केलं.”

टोकावरची राळ तेवढी चरचरत होती. साहेबांनी मास्तरांना विचारलं, हिची वस्तू कुठली? काकांनी डोळे न उघडता हात वर केला.

काकी, तेव्हा मला तुमचं एकेक पत्र उलगडत गेलं. कणगी, शिंका, चप्पल, उजव्या हातावर गोंदलेलं नाव. मी काकांना थाप मारायला सांगितली. मी काकांना गोणीत भरायला सांगितलं. मी टोक खाली ठेवलं आणि तिथंच रडायला लागले. काका म्हणतात, “रडत्येस काय, मला डाग तू देणार का मी तुला?”

साहेब कडक. म्हणाले, माणूस ही विजेवर चालणारी वस्तू नाही, परीक्षेत धरता येणार नाही. मी काकांची पिशवी उचलली आणि निघालेच होते. इथेही अर्धंच, असं मनात आलं. तेव्हा पिशवीतून तुमच्या पट्टीची वायर लोंबताना मास्तरांना दिसली. ते फक्त म्हणाले, “ही बंद आहे का?”

मी पट्टी उघडली. प्लगजवळच्या डबीत तार तुटून बाजूला पडली होती. पहिला डाग दिला तो कोरडा, हात लावताच निघून आला. दुसऱ्या वेळी थेंब भलतीकडेच जाऊन बसला. काका मानेमागून बघत होते. म्हणाले, “दुधाला विरजण लावताना घाई करतीस का? हळू.” कंपनीत इतकी वर्षं काढलेल्या माणसानं विरजणाचा दाखला का दिला ते देव जाणे, पण माझा हात थांबला. आधी तार तापवली, मग कथील टेकवलं. ते पाण्यासारखं पसरलं आणि चकचकीत बसलं. मास्तरांनी मीटर लावून पट्टी तीनतीनदा तपासली, मिक्सर त्यांच्याही लक्षात आहे. मग सुरू केली. काकी, गरम झाली. मी हात ठेवून बघितलं, खरंच गरम झाली.

काका तिथंच बाकावर पालथे झाले, कमरेवर पट्टी घेऊन घोरायला लागले. बाकीच्यांची परीक्षा त्यांच्या घोरण्यात पार पडली. उठले तेव्हा माझा हात न धरता दारापर्यंत गेले आणि परत आले. मी साहेबांना म्हटलं, बघा, चालतं. साहेब म्हणाले, हे चालतात ते दिसतंय. पट्टी चालते का ते मालकानं सांगायचं असतं, मालक कोण? काका म्हणाले, मालकीण घरी.

त्यांनी तुम्हाला फोन लावला. तुम्हाला आठवत असेल. साहेबांनी विचारलं, “चालते का?” तुम्ही म्हणालात, “जेवले. वालाची भाजी होती.” पुन्हा विचारलं तर तुम्ही साहेबांनाच जेवायला बोलावलंत. तेव्हा त्यांनी निकाल अडकवून ठेवलाय. पट्टी घरी नेऊन, वापरून, मालकिणीनं लेखी कळवायचं, की ती काय आहे, कुणाच्या कमरेला लावली, आणि चालते की नाही. पास झाले तर मास्तर मला दुकानात टेबल देणार आहेत.

काका उद्या निकेशबरोबर येतील, पट्टी घेऊन. दवाखान्यात दाखवूनही आणलंय. शीर दबलीय, व्यायाम आणि शेक सांगितलाय, चिखलात वाकायचं नाही.

काकी, मला क्षमा करा. आणि या वेळी एक उपकार करा, नाव घेऊन लिहा. साहेबांना ‘घरातलं जुनं’ कळायचं नाही.

तुमची,
रोहिणी

रोहा, ३० जुलै

परीक्षेच्या साहेबांना रोह्याच्या गिरजाबाईंचा रामराम, आणि रोहिणीला कान धरून आशीर्वाद.

साहेब, वस्तू म्हणजे शेकायची पट्टी. माझी आहे. बंद होती, आमच्या सुनेनं तिला डाग दिला. आल्यापासून सकाळ-संध्याकाळ लावतो. गरम होते, धूर निघत नाही, कुणाचे देव उचलावे लागले नाहीत.

कुणाच्या कमरेला लावली तेही लिहा म्हणता. लग्न झाल्यापासून मी ते नाव कागदावर लिहिलेलं नाही. काल चूल विझेपर्यंत बसून होते, पेन पुढे जाईना. धोंडुबाई म्हणाली, नुसतं नाय येत तर उखाण्यात घे, लग्नात घेतलं होतंस ना. तेव्हा माझ्या सुनेच्या निकालासाठी घेते, साहेबांनी हसू नये.

रोहिणीनं डाग दिला, राळेचा निघाला धूर,
विठूराव चालत गेले बांधावरून दूर.

हे खोटं नाही, साहेब. आज सकाळी शेक घेतला, काठी इथेच ओटीवर ठेवली आणि लावणी बघून येतो म्हणून निघाले. मी दारात उभी राहून पाठमोरे बघत राहिले. बांध संपेपर्यंत एकदाही थांबले नाहीत. मला फार बरं वाटलं.

आता दुपार टळली तरी जेवायला पत्ता नाही. आंबाडीची भाजी दोनदा गरम केली. धोंडुबाईची सून सांगत आली, पलीकडच्या वाडीत बसून प्रत्येकाला सदरा वर करून दाखवतायत, आमच्या सुनेनं इथं डाग द्यायचा होता म्हणून.

तेव्हा लिहून देते, चालतं. जरा जास्तच चालतं. रोहिणीला पास करा, आणि ती दुकानात बसली की तिला विचारा, हे थोडं कमी करायचं बटण कुठे असतं.

मालकीण,
गिरजाबाई विठू